फोरमनची उभी गाडी

उघडी राहिलेली वस्तू वाव्हळे फोरमनना बघवत नसे. डब्याचं झाकण, पेटीची कडी, लोणच्याच्या बरणीवरचं फडकं, काहीही. मुरलीशेठच्या दुकानात काडेपेटी घ्यायला गेले तरी आधी हात लांब करून तेलाच्या पिंपावरचं झाकण सारखं करत आणि मग काडेपेटी मागत. मुरलीशेठ म्हणे, "फोरमन, तुमी आलात की माझं दुकान अर्धं बंद व्हतंय." फोरमनना त्यातलं अर्धंच ऐकू आलेलं असे. ते म्हणत, "बरं हाय," आणि निघत.

आता मी परभणीत बर्फाच्या कारखान्यात आहे. संध्याकाळी निघताना सगळी झाकणं, कड्या, व्हॉल्व्ह हातानं चाचपून बघतो. रस्त्यात आठवण झाली तर परत जाऊन बघतो. बायको म्हणते, "हे खूळ तुमच्या कोकणातलं का?" कोकणातलं नाही. आमच्याकडे दारं सताड उघडी असतात. हे खूळ कुठून लागलं ते सांगायचं तर येलदरीला जावं लागेल.

सातवीत माझी शाळा सुटली. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं घर. घरात होडी एक आणि वल्हवणारे भाऊ फार. मी ट्रकवर चढलो, क्लीनरकी केली, हमाली केली, आणि मिशा फुटून बरीच वर्षं झाल्यावर येलदरी धरणावरच्या मासळी ठेकेदाराकडे टिकलो. समुद्राकडचा माणूस म्हणजे ह्याला माशांतलं कळणार, असा त्याचा हिशेब. गोड्या पाण्यातले रोहू आणि कटला मी तोवर डोळ्यांनी पाहिले नव्हते. मग त्यानं मला बर्फावर घातलं. परभणीहून भुशात गुंडाळलेल्या लाद्या ट्रकनं येत, त्या मी शेडमध्ये उतरवायच्या, फोडायच्या, मासे थरात लावायचे. मला पहिल्यापासून धास्ती फार. ट्रक उशिरा आला तर बर्फ वितळेल आणि लवकर आला तर मासे आलेले नसतील, ह्या काळजीत माझे दिवस जात. लोक मला नावानं हाक मारीत नसत. मी सगळ्यांचा कोकण्या.

आमच्या शेडसमोर, रस्त्यापलीकडे, फोरमनचं घर. दोन खोल्या, पुढं मोठं अंगण, एक लिंबाचं झाड, आणि झाडाखाली काळी जुनी अँबॅसिडर.

आयुष्यभर ते येलदरीच्या पॉवरहाऊसवर होते. टर्बाइनच्या आवाजानं कान गेले. एक जवळजवळ पुरता गेला, दुसरा थोडा राहिला. ते म्हणत, कान गेले ते बरं झालं, मशीनचं खरं कानाला कळत नाही, हाताला कळतं. कुठल्याही यंत्राजवळ गेले की आधी उजवा तळवा त्यावर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. डॉक्टर पोराच्या छातीला नळी लावतो तसं. बुशशर्टच्या खिशात पेनाच्या जागी पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. पँट घोट्याच्या वर. बोलणं मोठ्यानं, पण थोडं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तरी साहेब किंवा काका त्यांना कुणी म्हणालं नाही. फोरमनच.

उघडी वस्तू न बघवण्याचं त्यांचं कुठवर जाई ते गिरणीवाला सांगायचा. त्याच्या पिठाच्या गिरणीची मोटर जळाली म्हणून फोरमनना बोलावलं. दिवसभर खपून काम अर्धं झालं. ऊन उतरलं तसा गिरणीवाला म्हणाला, "राहू द्या फोरमन, उद्या बघू." गिरणीवाला चहा सांगून येतो तर मोटर पहिल्यासारखी मिटलेली, सगळे बोल्ट आवळलेले. त्याला आनंद झाला. म्हणाला, "झाली का?" फोरमन म्हणाले, "न्हाई. उद्या पुन्हा खोलायची." गिरणीवाला कपाळावर हात मारून घेई. "लोक एकदा खोलतेत, हा गडी दोनदा खोलतोय." पण फोरमनचा तो नियमच होता. खोललेलं दिवस मावळायच्या आत मिटवायचं. दुरुस्त झालं असो नसो.

दुसरा नियम गाडीचा. दुसऱ्याच्या दारात गाडी ठेवायची नाही. एक रात्रसुद्धा नाही. पंक्चरपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं अंगणात. त्यांच्या हातचं नसेल तर जिंतूरहून लतीफ मिस्त्री पहिल्या एसटीनं यायचा, हत्यारं पोत्यात घालून. लतीफ तसा तोंडाचा फटकळ. म्हणायचा, "दुनिया गाडी घेऊन मिस्त्रीकडं येतीय. इथं मिस्त्री हत्यारं घेऊन गाडीकडं यायलाय. फोरमनसाब, पुढच्या टायमाला माझं दुकानच उचलून आणतो."

घरात ती दोघंच. कौसल्याकाकू आणि फोरमन. मूलबाळ नव्हतं.

मी आलो त्या वर्षी मला कावीळ झाली. शेडच्या कोपऱ्यात पोत्यांवर पडून होतो. ठेकेदार बरा माणूस, पण त्याला मासे बघायचे होते. दुसऱ्या दिवशी फोरमन शेडमध्ये आले, माझ्या कपाळावर तळवा ठेवला, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "ऊठ. घरी चल." मी त्यांच्या ओसरीत झोपलो. काकू मला भाताची पेज आणि ताक देत. मला गावातल्या एकानं आधीच कानात सांगून ठेवलं होतं की त्या घरी जेवू नकोस. फोरमननी ते ओळखलं असावं. ताट पुढं आलं तेव्हा ते समोर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुला कुणी सांगितलं का, आमच्यात जेवू नको मनून?"

मी म्हणालो, "सांगितलं."

"मग?"

"भूक लागलीय."

ते हसले. मी त्यांना तसं हसताना पुन्हा फारदा पाहिलं नाही. आतून काकू म्हणाल्या, "त्याला जेवू द्या आधी. परीक्षा मागून घ्या." मी उठून कामाला लागलो तो त्या पेजेवर. आई इतक्या लांब होती की तिला मी आजारी असल्याचं कळलंसुद्धा नाही.

काकूंना मी नीट पाहिलं ते त्या आजारपणात. ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत, पदर मानेभोवती घट्ट. चेहरा सुरेख, पण हनुवटीच्या खाली कातडी ओढलेली, वितळून पुन्हा थिजलेल्या मेणासारखी. पाठ, मान, दोन्ही हात, पायांचा बराच भाग तसाच होता. त्या भाजलेल्या होत्या. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पहिल्यांदा पेटला त्या पावसाळ्यात.

हे मला फोरमननी कधी सांगितलं नाही. काकूंनीच गहू निवडता निवडता सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. त्या माहेरी गेल्या होत्या, गंगाखेडच्या पलीकडं. फोरमन इथं ड्यूटीवर. तिकडं वस्ती पेटल्याची बातमी इथं आली. फोरमनची फटफटी तेव्हा जिंतूरच्या एका गॅरेजात इंजिन खोलून पडली होती. आज देतो उद्या देतो चाललं होतं. ते जिंतूरला पोचले तर गॅरेजला कुलूप, बाजार बंद, एसट्या बंद. फटीतून आत त्यांना आपली गाडी दिसत होती, सुटी सुटी. मग पायी, मिळाला तर ट्रकवर, पुन्हा पायी.

"आई आत राहिली व्हती, तिला वढायला मी गेले," काकू म्हणाल्या. "आई काय वाचली न्हाई. मला परभणीच्या दवाखान्यात टाकलं. हे आले तिसऱ्या दिवशी. पाय सुजलेले. दारात हुबे. मग मीच मनलं, जेवलात का?"

थोडे खडे बाजूला काढून त्या पुन्हा म्हणाल्या, "आधी आले असते तर दोघं जळालो असतो. पण ह्यांना सांगून उपेग न्हाई. ह्यांना कमी ऐकू येतंय."

आणि मग आणखी एक सांगितलं. म्हणाल्या, "कातडी आली परत. घाम न्हाई आला."

भाजलेल्या कातडीला घाम येत नाही. घाम नाही म्हणजे अंगातली आग बाहेर निघायला वाटच नाही. हिवाळा-पावसाळा काकूंचा बरा जाई. उन्हाळा लागला की मी बर्फाची काळजी करायचो आणि फोरमन त्यांची. घरात दोन कूलर होते. पण वीज जायची ती नेमकी दुपारी, आणि ओली चादर पांघरली तरी दहा मिनिटांत कोरडी. म्हणून निवृत्तीचा सगळा पैसा घालून फोरमननी ती जुनी गाडी घेतली आणि लतीफकडून तिला एसी बसवून घेतला, हैदराबादच्या भंगारातून एक एक भाग जमवून. जिल्ह्यात तेव्हा अशा गाड्या किती असतील? मोठ्या पुढाऱ्याची एखादी.

ती गाडी रस्त्यावर फारशी गेलीच नाही. दुपारी वीज गेली की फोरमन इंजिन सुरू करत, काकू मागच्या सीटवर बसत, काचांना आतून पडदे. गाडी लिंबाखाली उभी, आणि फोरमन बाहेर उभे. उजवा तळवा टपावर. आत काकूंना काही हवं असलं, पाणी किंवा काच खाली, तर त्या बांगडीनं काचेवर टकटक करत. फोरमनना ती कानांनी ऐकू येत नसे. टपावरच्या तळव्याला कळे. घरघरत्या इंजिनातून ते नेमकी बांगडी वेगळी काढत आणि वाकून विचारत, "काय मनतेस?"

आता एवढं थंडगार एका बाईसाठी, तेही त्या घरच्या, हे काही जणांना बोचायचंच. मुरलीशेठचं दुकान शेजारी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ओट्यावरून तो हाळी देई, "काय फोरमन, बाईसाहेबांची सवारी आज कुठं?"

फोरमन तोंडावरची रेघ न हलवता सांगत, "काश्मीर."

दुसऱ्या दिवशी, "आज?" "महाबळेश्वर." तिसऱ्या दिवशी उटी. हे फोरमनना बरोबर ऐकू येई, कारण दुपार झाली की तो हेच विचारणार हे ठाऊक. पहिल्यांदा त्यात टोमणा होता. मग हळूहळू ती रीतच झाली. मुरलीशेठ कुठं गावाला गेला असला तर आतून काकूच काच बोटभर खाली करून विचारत, "आज कुठं नेता मला?" आणि फोरमन एखादं थंड गाव सांगत. गावं संपली तेव्हा त्यांनी माझ्याकडून शाळेतल्या भूगोलाचं पुस्तक मागवलं. मी जिंतूरहून आणलं.

विद्यापीठाचं नाव अजून झालेलं नव्हतं त्या शेवटच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या बाजूची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. पाण्याच्या इतक्या मोटारी जोडलेल्या, ती जळणारच. नवी यायची तर नंबर लागलेला. धरणाच्या भिंतीवरचे दिवे रोज संध्याकाळी समोर लागत आणि आमची आळी अंधारात. फोरमन म्हणाले, "जन्मभर मुंबईपोत वीज धाडली. रस्ता वलांडून आली न्हाई." मुरलीशेठ हसला. फोरमन हसले नाहीत.

तोवर गाडीचा एसी वीज गेली की तेवढ्यापुरता चाले. आता सकाळी ऊन चढल्यापासून उतरेपर्यंत चालवावा लागला. एका दुपारी मी लाद्या फोडत होतो तर पलीकडून कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंकाळी आली आणि रबर जळाल्याचा वास. बॉनेटमधून धूर. फोरमननी इंजिन बंद केलं, कॉम्प्रेसरवर तळवा ठेवला आणि चटका बसून उचलला. त्यांचा हात यंत्रावरून असा उचललेला मी तेव्हाच पाहिला.

"जाम झाला," ते म्हणाले.

एसी गाडीत थंड करतो तो ह्या कॉम्प्रेसरनं. तोच गॅस फिरवतो. तो बदलल्याशिवाय काही होणार नव्हतं. काकूंना खाटेवर लिंबाखाली घेतलं. मी ठेकेदाराला न विचारता मधली स्वच्छ लादी काढली, फोडली, पोत्यात घालून खाटेभोवती मांडली. काकू म्हणाल्या, "कोकण्या, थर नीट लाव. न्हाईतर परभणीला पोचायच्या आत वास येईल मला." मी हसलो. पुढची लादी फोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं लतीफ आला. पोत्यात एक जुना कॉम्प्रेसर, नव्या वायसर, तेलाची बाटली, आणि खांद्यावर गॅसची टाकी. त्यानं आधी काकूंना बघितलं, मग गाडी, मग विजेचा खांब.

"साब, काढून बसवायला काही न्हाई. पण गॅस भरायच्या आधी पाइपातली हवा वढून काढावी लागतीय. तो पंप माझ्या दुकानात. त्याला करंट पाहिजे."

"पंप आण हितं," फोरमन म्हणाले.

"आणून चालवू कशावर? तुमच्या धरणावर वायर टाकू काय?" मग तो जरा नरमला. "बेल्ट काढून टाकू, गाडी चालतीय. जिंतूरला चला. रातभर पंपावर ठिवतो, सकाळी गॅस भरून देतो. भाभीला एक रात बर्फावर काढू द्या, रात जरा सुसह्य असतीय."

"दुसऱ्याच्या दारात गाडी न्हाई."

"दुसऱ्याचं दार कामून, साब? माझं दार हाय."

फोरमननी ऐकलं की नाही कळलं नाही. ते वाकून बोल्ट सैल करायला लागले होते.

लतीफ माझ्याकडे बघून म्हणाला, "हौ. मग जुगाड करावं लागतंय. मी सांगून ठिवतो, हे जुगाड हाय."

उरलेला गॅस सुस्कारा टाकून निघून गेला. जुना कॉम्प्रेसर निघाला, काळा, आतून धातूचा चुरा. पाइपांची तोंडं उघडी पडली. उन्हं वर आली तशा काकू गप्प झाल्या. फोरमननी आम्हाला पोती भिजवून गाडीभोवती आणि खाटेभोवती दोरीवर टांगायला लावली, वारा थंड लागावा म्हणून. त्या ओल्या पोत्यांच्या आडोशाला लतीफनं नवा कॉम्प्रेसर बसवला, पाइप जोडले आणि टाकीतला थोडा गॅस एका बाजूनं सोडून दुसऱ्या बाजूनं हवा बाहेर ढकलली. पंपाचं काम ते असं केलं. मग गॅस भरला. दिवस मावळायच्या बराच आधी बॉनेट मिटलं.

इंजिन सुरू झालं. फोरमन तळवा टेकून उभे राहिले, डोळे मिटून. आतून गार वारा आला. काकूंना आम्ही आत बसवलं. बऱ्याच वेळानं टकटक झाली. फोरमन वाकले. काच बोटभर खाली आली आणि आतून आवाज आला, "थंडी वाजायलीय."

मुरलीशेठ ओट्यावर उभाच होता. "कुठं आज?"

"शिमला," फोरमन म्हणाले. लतीफसुद्धा हसला. मी त्या रात्री किती दिवसांनी गाढ झोपलो.

पुढच्या दुपारी गार वारा यायचा अचानक थांबला. इंजिन चालू, कॉम्प्रेसर फिरतोय आणि आत नुसती वाफ. फोरमननी साबणाचा फेस लावून सगळे जोड बघितले. गळती कुठंच नव्हती. बंद करून थोडं थांबले, पुन्हा लावलं तर गार. थोड्या वेळानं पुन्हा वाफ. त्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी लतीफ आला. बघितलं आणि खालीच बसला.

"पाणी हाय आत, साब. थेंबभर. ओली हवा गेली पाइपात. आतल्या बारीक तोंडाशी त्याचा बर्फ धरायलाय. गॅसची वाट बंद. थांबलं की वितळतंय, चालवलं की धरतंय."

मला ते लगेच कळलं. सबंध ट्रकभर बर्फ मी हाताळत होतो, आणि तिथं तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ वाट अडवून बसला होता. हात पोचत नव्हता अशा जागी.

"इलाज एकच," लतीफ म्हणाला. "रातभर पंप. माझ्या दुकानात."

गाडीची काच खाली आली. काकू आतून म्हणाल्या, "ठिवा की एक रात. मी काय लोणी हाय का वितळायला?" चेहरा लाल आणि कोरडा होता. ओठांची सालं निघाली होती. "ऐकायलात का? माझ्यासाठी ठिवा."

ऐकू आलं होतं. त्यांनी टपावर तळवा टेकला. मग म्हणाले, "उद्या बघू."

गिरणीवाल्याच्या तोंडचे शब्द. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकले.

लतीफनं पोतं बांधलं. फाटकापर्यंत जाऊन परत आला. अगदी जवळ, फोरमनच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "साब, त्या साली तुमची फटफटी ज्याच्या दुकानात व्हती, तो मी न्हवतो."

"तू न्हवतास," फोरमन म्हणाले. "ठाव हाय मला."

"मग?"

"मग काही न्हाई."

पुढच्या सकाळी ट्रकवर माणूस कमी होता म्हणून ठेकेदारानं मला माशांबरोबर परभणीला धाडलं. निघायच्या आधी मी दोन पोती बर्फ अंगणात ठेवला. फोरमन तेव्हाच ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले होते, बोट एसीच्या खटक्यावर. वाफ आली की बंद, थांबायचं, पुन्हा चालू. रात्रभर डोळा लागला नसावा. मी खिडकीशी वाकून, उगाच काही बोलायचं म्हणून, मोठ्यानं विचारलं, "आज कुठं, फोरमन?"

"ठरलं न्हाई अजून."

मागून बांगडी वाजली. पडदा सारून काकूंनी मला हात केला. "आज कुठं न्हाई रे. घरीच." आणि म्हणाल्या, "तू जेवून जा ट्रकवर."

परभणीत ट्रक रिकामा होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. परतताना उन्हं कलली होती. वळणावरून अंगण दिसतं. गाडीची चारही दारं सताड उघडी होती. बॉनेट उघडं. डिकीसुद्धा. ते बघितल्यावर मला पुढं कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

काकूंना खाटेवर निजवलं होतं, अंगावर पांढरी चादर. दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले होते. माझा बर्फ वितळून खाटेखाली ओल झाली होती आणि वस्तीतल्या बाया त्या ओलीतच बसल्या होत्या. फोरमन गाडीपाशी उभे, उजवा तळवा टपावर. येईल त्याला ते एवढंच सांगत होते, मोठ्यानं, एकसारखं, "इंजिन तापलं मनून बंद केलं. जरा निवू दिलं. हात टपावरच व्हता माझा. तिनं टकटक केलीच न्हाई."

मला पण त्यांनी तेच सांगितलं. ओळखलं की नाही कुणास ठाऊक. इंजिन बंद होतं. टपावर माशी बसली असती तरी त्या तळव्याला कळलं असतं.

मुरलीशेठ कडेला उभा होता. तो पुढं झाला आणि आवाज न करता गाडीचं एक दार लावलं, मग दुसरं लावायला वळला. फोरमन म्हणाले, "राहू द्या."

पुढच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव झालं. आमच्या समोरच्या वस्तीत पेढे वाटले, मलाही दिला. बाजारपेठ मात्र दोन दिवस अर्धी बंद होती. मी पेढा हातात घेऊन फोरमनच्या फाटकाशी गेलो. फाटकाला कुलूप, आणि लिंबाखाली तेलाचा काळा डाग तेवढा होता. त्यांना मी त्याआधीच, उन्हाळा सरता सरता, शेवटचं पाहिलं होतं.

मी जिंतूरला भुसा आणायला गेलो होतो. लतीफच्या दुकानासमोर काळी गाडी उभी दिसली. लतीफ पायरीवर बसलेला, हातात चावी, काम काही चालू नव्हतं.

"सकाळी आणून लावली," तो म्हणाला. "मी मनलं, साब, रातभर पंपावर ठिवतो, उद्या या. तर मनले, ठिव. मनलं, न्यायला कव्हा येता? तर टपाला हात लावला आणि स्टँडकडं गेले."

मी भुशाचं पोतं तिथंच टाकलं आणि पळालो. स्टँडवर गंगाखेडची गाडी लागली होती. फोरमन खिडकीशी बसले होते, मांडीवर एक पिशवी. ऊन सरळ तोंडावर येत होतं. बाकी सगळ्यांनी खिडक्यांच्या काचा ओढून घेतल्या होत्या, त्यांची उघडी. खिशात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. त्यांना ऐकू जावं म्हणून मी खालून ओरडलो, आणि ओरडल्यावर लक्षात आलं मी काय विचारलं.

"कुठं निघालात, फोरमन?"

बसमधली माणसं वळून बघायला लागली. फोरमननी माझ्याकडं बघितलं. ह्या खेपेला ओळखलं.

"हिच्या गावाला," ते म्हणाले. मग, "जेवलास का?"

मी मान हलवली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसा फोरमननी उजवा हात खिडकीतून बाहेर काढला. मला वाटलं निरोपाचा हात करतायत, म्हणून मीही हात वर केला. त्यांनी तो बाहेरच्या पत्र्यावर ठेवला, तळवा सपाट टेकवून, आणि डोळे मिटले. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तो हात तिथंच होता.